जे कटलर: चेहऱ्यावरून क्वार्टरबॅक ओळखता येतो का?

मिशिगनकाठ

केलेब विल्यम्स शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये क्वार्टरबॅक म्हणून आल्यापासून आमच्या ऑफिसात सोमवार उजाडला की एकच वाद. नोव्हेंबर २०२३ मध्ये, कॉलेजकडून खेळत असताना, वॉशिंग्टनविरुद्ध ५२-४२ अशी हार झाल्यावर तो स्टँडमध्ये आईच्या गळ्यात पडून रडला. ते दृश्य लोक अजून उकरून काढतात. "एवढा हळवा पोरगा टीम काय सांभाळणार?"

हे ऐकलं की मला जे कटलर आठवतो, कारण त्याच्याबद्दलची तक्रार बरोब्बर उलटी होती. हा रडत का नाही, हरल्यावर याच्या चेहऱ्यावरची रेष का हलत नाही, मान उडवून निघून कसा जातो? २००९ ते २०१६ एवढा काळ तो बेअर्सकडे होता. टीमच्या इतिहासात सगळ्यात जास्त पासिंग यार्ड (चेंडू फेकून कापलेलं अंतर) त्याच्या नावावर, २३,४४३. तरी शिकागोतल्या कुठल्याही बारमध्ये त्याचं नाव काढा, पहिलं वाक्य त्याच्या स्वभावाबद्दल येईल, खेळाबद्दल नाही.

२३ जानेवारी २०११ ला ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध एनएफसीची फायनल, म्हणजे सुपर बोल या अंतिम सामन्याच्या आधीची शेवटची पायरी, घरच्या सोल्जर फील्डवर. त्या मॅचमध्ये तो गुडघा दुखावून तिसऱ्या क्वार्टरमध्ये बाहेर गेला आणि आपण २१-१४ हरलो. मॅच चालू असतानाच इतर टीमचे खेळाडू ट्विटरवर त्याला पळपुटा ठरवत होते. मॉरिस जोन्स-ड्रू, डार्नेल डॉकेट, ही काही लहान नावं नव्हेत. मैदानाबाहेर लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या. दुसऱ्या दिवशी एमआरआय आला तेव्हा कळलं की गुडघ्याचं लिगामेंट अर्धवट फाटलंय.

माझं मत स्पष्ट आहे. दडपणाखाली माणूस कसा आहे हे कॅमेऱ्याने टिपलेल्या चेहऱ्यावरून ठरवणं हा अन्याय आहे. आपटल्यावर पुढच्या प्लेला तो पुन्हा तिथेच उभा राहतो का, आणि पुढच्या रविवारी हजर असतो का, ते बघावं. त्या कसोटीला कटलर उतरतो. तुम्हाला काय वाटतं?

रांगडा_गडी

आला, कटलरचा वकील आला! पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सातारी_तडका

दादा, धागा मन लावून वाचला, पण आम्ही पडलो क्रिकेटवाले. एका गड्याच्या चेहऱ्यावर अख्खं शहर एवढं का चिडतं? कॅप्टन असतो का हा? क्वार्टरबॅक नक्की करतो काय, ते कुणीतरी सोप्या भाषेत सांगा ना.

चौथा_डाउन

@सातारी_तडका, सांगतो. एका बाजूचे अकरा खेळाडू. दहा यार्ड पुढे जायला चार संधी. समोर पाच धिप्पाड गड्यांची फळी, तिला लाइन म्हणतात, आणि तिच्या मागे क्वार्टरबॅक. प्रत्येक प्लेला चेंडू आधी याच्याच हातात येतो. त्याने तो फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा किंवा स्वतः घेऊन पळायचं. हे सगळं साधारण अडीच-तीन सेकंदांत, कारण समोरचे लोक त्याला चिरडायलाच येत असतात. चेंडू हातात असताना आडवा केला तर तो सॅक, फेकलेला चेंडू समोरच्यांनी पकडला तर इंटरसेप्शन.

पण खरी गोष्ट चेंडू हलायच्या आधीची आहे. एक प्ले संपली की पुढची सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, त्यावरून कोच प्ले सांगतो. घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो, तसा नियमच आहे. त्यानंतर समोरची फळी बघून ती हल्ला कुठून करणार हे ओळखणं, आपल्या पाच जणांना कुणी कुणाला अडवायचं ते ओरडून सांगणं, गरज पडली तर अख्खी प्लेच बदलणं, सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. बाहेर साठ हजार लोक बोंबलत असतात ते वेगळंच.

म्हणून स्वभावाची एवढी चर्चा. त्या पंधरा सेकंदांत हा डगमगलेला दिसला तर उरलेल्या दहा जणांना ते लगेच कळतं.

सातारी_तडका

झकास समजावलंत. म्हणजे कॅप्टन, यष्टिरक्षक आणि शेवटच्या ओव्हरचा बॅट्समन एकाच माणसात. आता बसतो वाचत.

नाना_नेपरविल

मिशिगनकाठ, तुझा धागा मनापासून लिहिलेला आहे, पण मी तुझ्या विरुद्ध बोलणार.

ती मॅच मला लख्ख आठवते. आमच्याकडे त्याच रविवारी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वर बायकांचं वाण लुटणं चाललेलं आणि खाली बेसमेंटमध्ये आम्ही सगळी पुरुषमंडळी आणि पोरं टीव्हीसमोर. कटलर बाहेर गेला आणि टॉड कॉलिन्स आला. त्याला काहीच जमेना म्हणून तिसऱ्या नंबरचा केलेब हॅनी आला. आणि या पोराने मॅच फिरवत आणली! टचडाउन झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोललाइनपार गेला, तेव्हा आम्ही एवढे ओरडलो की वरून सौ. जिन्यावर धावत आली, काय पडलं म्हणून. मग पॅकर्सच्या बी. जे. राजीने त्याचा एक पास अडवला आणि धावत जाऊन टचडाउन केला. तिळगुळाचा लाडू हातातच राहिला सगळ्यांच्या.

गुडघा फाटला होता, मान्य. त्याला कुणी पळपुटा म्हणू नये. पण हॅनी मैदानावरून परत यायचा तेव्हा कटलर कुठे असायचा? कॅमेरा दर वेळी दाखवत होता, एकतर बेंचवर, नाहीतर लांब एकटा उभा. अरे बाबा, तुझा पाय गेला, तोंड तर शाबूत आहे ना? तिसऱ्या नंबरचं पोर आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच खेळतंय. जाऊन खांद्यावर हात ठेव, समोरची फळी काय करतेय ते सांग. माणूस नेता आहे का, हे तो स्वतः खेळत नसतानाच कळतं. मी तीस-बत्तीस माणसांची शिफ्ट चालवलेली आहे, म्हणून हे ठासून सांगतो.

मिशिगनकाठ

नाना, आदर ठेवून विचारतो: कॅमेऱ्याने दाखवलं तेवढंच तुम्ही-आम्ही पाहिलं. दोन प्लेंच्या मध्ये दाखवलेल्या काही सेकंदांवर आपण त्या माणसाची सगळी संध्याकाळ ठरवतोय. आत असणारे काय म्हणाले? ब्रायन अर्लाकर, अख्ख्या टीमचा आधारस्तंभ, पत्रकारांसमोर कटलरच्या बाजूने उभा राहिला आणि घरी बसून ट्विट करणाऱ्यांवर भडकला. ज्यांनी त्याच्यासोबत मार खाल्ला त्यांची साक्ष मी जास्त धरतो.

डेन्व्हरकर

अर्लाकरची साक्ष काढताय तर पूर्ण काढा. हाच अर्लाकर रिटायर झाल्यावर २०१४ मध्ये म्हणाला की कटलरला पैसे अव्वल क्वार्टरबॅकचे मिळतात, खेळ तसा नाही. त्या वर्षीच्या जानेवारीत बेअर्सने त्याला सात वर्षांचा १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार दिला होता.

आणि तुम्ही शिकागोवाले त्याची गोष्ट २००९ पासून सांगता. आम्ही तीन सीझन आधीपासून पाहिलाय. २००६ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) अकराव्या नंबरला आम्ही, म्हणजे डेन्व्हर ब्रॉन्कोजनी, घेतला. काय हात होता! धावता धावता, अंग वळलेलं असताना पन्नास यार्ड फेकायचा. २००८ मध्ये आम्ही ८-५ (आठ विजय, पाच पराभव) होतो, शेवटच्या तीनपैकी एक जिंकली असती तर प्लेऑफ नक्की. तिन्ही हरलो. शेवटची सॅन डिएगोत ५२-२१.

नंतर नवा कोच जॉश मॅकडॅनियल्स आला. त्याने कटलरच्या बदल्यात दुसरा क्वार्टरबॅक आणायची चाचपणी केली, ते कटलरला कळलं आणि तो जो रुसला तो रुसलाच. मालक पॅट बोलन यांनी जाहीर सांगितलं की आमचा याच्याशी संपर्कच होत नाही. एप्रिल २००९ मध्ये आम्ही त्याला शिकागोला दिला, बदल्यात काइल ऑर्टन आणि पहिल्या फेरीच्या दोन निवडी घेतल्या. कोचने चूक केली हे खरंय. पण टीमचा म्होरक्या म्हणवणारा माणूस फोन उचलत नाही, याला काय म्हणायचं?

अपूर्व_७७

याला म्हणायचं पंचवीस वर्षांचा मुलगा. मला माझ्या कंपनीने न सांगता बदलायचा घाट घातला असता तर मीही फोन उचलला नसता.

डेन्व्हरकर

@अपूर्व_७७, तुम्ही अकरा जणांच्या पुढे उभे राहत नाही रविवारी.

मेधा_प

मी इथे सहसा फक्त वाचते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कटलरला २००८ मध्ये टाइप १ डायबेटिस निघाला. आधीच्या सीझनमध्ये त्याचं वजन झरझर उतरत होतं, काय होतंय ते कुणाला कळत नव्हतं. त्यानंतरची सगळी कारकीर्द तो इन्शुलिनवर खेळला. मॅच चालू असताना बाकावर बसून बोटाला सुई टोचून साखर तपासायचा.

माझ्या मुलाला तोच आजार आहे. तो शाळेच्या टीममध्ये सॉकर खेळतो. हाफटाइमला बाकीची मुलं संत्र्याच्या फोडी खात हसत-खिदळत असतात आणि हा कोपऱ्यात बसून मीटर बघतो. साखर कमी असेल तर ज्यूस, जास्त असेल तर पंप, आणि मग पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं. त्या वेळी तो कुणाशी बोलत नाही. त्याच्या कोचने पहिल्या वर्षी मला विचारलं होतं, याला खेळायची आवड नाहीये का? मी त्यांना मुलाशेजारी बसवून एकदा सगळा प्रकार दाखवला. नंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

कटलरचा चेहरा साखरेमुळे तसा होता असा दावा मी करत नाही. एवढंच म्हणते की बाकावर एकट्या बसलेल्या माणसाच्या मनात आणि अंगात काय चाललंय ते टीव्हीवरून दिसत नाही. नाना, तुमचा राग समजते मी, पण "लांब एकटा उभा होता" यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नका.

नाना_नेपरविल

मेधाताई, मुलाला माझे आशीर्वाद. तो खेळतोय हीच मोठी गोष्ट आहे. या वर्षी मंडळाच्या पिकनिकला त्याला घेऊन या, आमच्या नातवाला गोलकीपरच हवाय.

पण माझा मुद्दा एकटेपणाचा नव्हता, हॅनीचा होता. तो मी सोडत नाही.

मेधा_प

नक्की आणते, नाना. तो फॉरवर्ड खेळतो, गोलकीपर दुसरा शोधा :)

विस्कॉन्सिनची_वैदेही

पॅकर्सवाल्यांच्या बाजूने चार शब्द. मॅच आम्ही जिंकलो, तेव्हा शांतपणे ऐकून घ्या!

त्या दिवशी आमचा क्वार्टरबॅक ऍरन रॉजर्स काही फार थोर खेळला नव्हता. पासवर एकही टचडाउन नाही, दोन इंटरसेप्शन. त्यातलं एक अर्लाकरने बेअर्सच्या गोललाइनजवळ पकडलं आणि उधळला. पुढे मोकळं मैदान. रॉजर्स त्याच्या मागे धावला आणि मैदानाच्या मध्यावर त्याच्या पायात झेप घेऊन त्याला पाडलं. क्वार्टरबॅकने, अर्लाकरला! ते सात पॉइंट वाचले आणि आम्ही सातनेच जिंकलो. स्वतः चेंडू फुकट घालवल्यानंतरच्या पाच सेकंदांत माणूस काय करतो, यापेक्षा चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही.

२०१४ मध्ये आम्ही १-२ होतो, सगळीकडे रडारड चाललेली. रॉजर्सने रेडिओवर "रिलॅक्स" हा शब्द एकेक अक्षर सुटं करून सांगितला. सीझन १२-४ ने संपला. असा माणूस पुढे असला की पाठीमागचे निर्धास्त होतात.

चौथा_डाउन

वैदेही, चेंडू गमावल्यानंतरच्या पाच सेकंदांची परीक्षा मला एकदम मान्य. मग हीच परीक्षा कटलरला लावून बघा.

२० नोव्हेंबर २०११, सॅन डिएगोविरुद्ध. कटलरचा पास अडवला गेला. तो पकडणाऱ्याला पाडायला धावला आणि त्या झटापटीत त्याच्या उजव्या हाताचा, म्हणजे फेकायच्याच हाताचा, अंगठा मोडला. मोडलेल्या अंगठ्याने त्याने ती मॅच पूर्ण खेळली आणि जिंकलीही. त्यानंतर त्याचा सीझन संपला. तेव्हा बेअर्स ७-३ होते. तो नसताना शेवट झाला ८-८ वर. हॅनी चार मॅच खेळला, चारही गेल्या. नाना, हॅनीच्या त्या एका संध्याकाळीवरून कटलरला मोजू नका, पुढचा हिशोबही बघा.

आणि मार किती खाल्ला ते बघा. २०१० मध्ये ५२ सॅक, लीगमध्ये सगळ्यात जास्त. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध पहिल्या हाफमध्येच नऊ. नऊ! शेवटी डोक्याला मार बसून बाहेर गेला. तेव्हाचा कोऑर्डिनेटर माइक मार्ट्झ याची पद्धतच अशी होती की क्वार्टरबॅकने सात पावलं मागे जायचं आणि लांबचे पास उघडेपर्यंत थांबायचं, आणि सांभाळायला पुढे बहुतेकदा फक्त ते पाच जण. एवढा वेळ थांबायला फळी भक्कम लागते, ती नव्हती. एक मॅच चुकवून माणूस परत आला आणि त्याच फळीमागे पुन्हा उभा राहिला. आठ वर्षांत सहा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे हल्ल्याच्या प्ले आखणारे कोच: टर्नर, मार्ट्झ, टाइस, क्रोमर, गेस, लॉगेन्स. दर एक-दोन वर्षांनी नवी भाषा, नव्या खुणा, नवा माणूस कानात.

पण माझी तक्रार वेगळी आहे. कटलर घाबरायचा नाही, हीच अडचण होती. मागच्या पायावर रेलून, तीन जणांच्या मधून चेंडू घुसवायचा, कारण हातावर भरवसा फार. २००९ मध्ये २६ इंटरसेप्शन त्यातूनच आले. दडपणाखाली काही जण गोठतात, काही जण फार धाडस करतात. दोन्हीने मॅच जाते. लोकांनी त्याला पहिल्या प्रकारात टाकलं, तो पक्का दुसऱ्या प्रकारातला होता. ऍडम गेसने २०१५ मध्ये त्याला चेंडू लवकर आणि जवळ टाकायला लावला, तेव्हा इंटरसेप्शन अकरावर आले आणि पासिंगचं रेटिंग ९२.३, तोवरचं त्याचं सगळ्यात चांगलं. स्वभाव तोच, चेहरा तोच.

मिशिगनकाठ

चौथा_डाउन, या प्रतिसादासाठी शंभर वेळा धन्यवाद. गेसचं वर्ष मला मांडायचंच होतं, तुम्ही जास्त नीट मांडलंत.

रांगडा_गडी

सगळं ठीक, पण वेबला दिलेल्या धक्क्याचं काय? त्यावर कुणीच का बोलत नाही?

सातारी_तडका

वेब कोण?

विस्कॉन्सिनची_वैदेही

मी सांगते, आमच्याच लॅम्बो फील्डवर झालं. १३ सप्टेंबर २०१२, गुरुवारची रात्र. कटलरला सात सॅक बसले, त्यातले साडेतीन आमच्या क्ले मॅथ्यूजचे. अर्धा सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडला तर वाटून देतात. मॅथ्यूजला अडवायचं काम बरंचसं लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा गडी) जेमार्कस वेबकडे होतं, आणि वेब म्हणजे सातव्या फेरीत निवडलेला, दोन वर्षांचा अनुभव असलेला पोरगा. एका सॅकनंतर कटलर त्याच्या अंगावर ओरडत गेला आणि जाता जाता खांद्याने धक्का दिला. सगळ्या देशाने पाहिलं. त्या रात्री त्याचे चार इंटरसेप्शन झाले, आम्ही २३-१० जिंकलो. नंतर त्याने सांगितलं की मला याचं सोयरसुतक आहे, माझ्यासाठी हा काही छंद नाही.

सोयरसुतक असणं चांगलंच. पण त्या पोराला पुढच्याच प्लेला पुन्हा मॅथ्यूजसमोर उभं राहायचं होतं. धक्का देऊन तो काय जास्त मजबूत झाला?

सातारी_तडका

आता मात्र क्रिकेट आणल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर २०२०, ऍडलेडला ३६ ऑल आउट, विराट घरी परतलेला, आणि मेलबर्नला आपला अजिंक्य रहाणे कॅप्टन. ११२ वर खेळत असताना जडेजाच्या एका रनच्या नादात धावचीत झाला. शतक ठोकलेला कॅप्टन, सहकाऱ्याच्या कॉलवर बाद. त्याने काय केलं? जडेजाजवळ गेला, पाठीवर थाप मारली आणि पॅव्हेलियनकडे चालू लागला. जडेजाने अर्धशतक काढलं, आपण टेस्ट जिंकलो आणि मालिका २-१. मला वैदेहीताईंचा मुद्दा इथे दिसतो. ज्याच्यामुळे नुकसान झालं त्यालाच पुढचा अर्धा तास तुमच्यासाठी झगडायचं असतं.

नाना_नेपरविल

वा रे पठ्ठ्या! क्रिकेटवाला म्हणून आलास आणि माझा सगळा मुद्दा दोन ओळींत मांडलास.

अपूर्व_७७

असंच असेल तर रोहित शर्माचं काय? कॅप्टन असताना स्टंप माइकवर तो पोरांना काय काय ऐकवायचा ते जगजाहीर आहे, आणि तीच पोरं त्याच्यासाठी जीव टाकायची. २०२४ ची टी-२० वर्ल्ड कपची फायनल, तीस चेंडूंत तीस हवे होते दक्षिण आफ्रिकेला. कुणी खचलं का? ओरडणारा कॅप्टन वाईट असं काही नसतं. ओरडण्यामागे आपुलकी आहे का, हे पोरांना कळतं.

रांगडा_गडी

सापडला मुद्दा. आता रोहित विरुद्ध धोनी सुरू करू नका, नाहीतर धागा पाचशे प्रतिसादांवर जाईल आणि कटलर राहील बाजूला.

न्यूजर्सीकर

आमच्या जायंट्सच्या क्वार्टरबॅकचं, ईलाय मॅनिंगचं, नाव अजून कुणी काढलं नाही याचं नवल वाटतं. चेहऱ्याच्या बाबतीत तो आणि कटलर सख्खे भाऊ शोभतील. जिंकला तरी तोच, हरला तरी तोच. ऑगस्ट २००७ मध्ये टिकी बार्बर, त्याचाच जुना सहकारी, टीव्हीवर म्हणाला की ईलायचा नेतेपणाचा प्रयत्न जवळजवळ हास्यास्पद वाटायचा. सहा महिन्यांनी, फेब्रुवारी २००८ मध्ये, त्याच ईलायने एकही मॅच न हरलेल्या पेट्रियट्सना सुपर बोलमध्ये १७-१४ ने पाडलं. चार वर्षांनी पुन्हा त्यांनाच, २१-१७.

त्या दिवसापासून न्यूयॉर्कचे तेच पत्रकार त्याच थंड चेहऱ्याला "धीरगंभीर" म्हणायला लागले. चेहरा बदलला नव्हता, विजेतेपदाची अंगठी आली होती. म्हणून मिशिगनकाठशी मी सहमत आहे.

रेडवुडची_मावशी

आमच्या फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक जो मोंटाना याची गोष्ट सांगायला हवी. जानेवारी १९८९, सुपर बोल, सिनसिनाटीविरुद्ध १६-१३ ने मागे. तीन मिनिटं आणि वर काही सेकंद उरलेले, चेंडू स्वतःच्या आठ यार्डांवर. सगळे घायकुतीला आलेले आणि हा लाइनमधल्या हॅरिस बार्टनला स्टँडकडे बोट करून म्हणतो, तो बघ, जॉन कँडी बसलाय! सिनेमातला विनोदी नट. मग ९२ यार्ड चालून गेले, शेवटचे चौतीस सेकंद उरले असताना जॉन टेलरला टचडाउन, २०-१६. आमच्या बे एरियात ही गोष्ट पोरांना झोपताना सांगतात.

मला त्यातलं आवडतं ते हे की बार्टन त्या वेळी फार ताणाखाली होता. मोंटानाने नेमकं त्यालाच हाताशी धरलं.

डेन्व्हरकर

मावशी, कटलर तिथे असता तर जॉन कँडीकडेही दुर्लक्ष केलं असतं.

मिशिगनकाठ

डेन्व्हरकर, हसलो, पण एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. डिसेंबर २०१४ मध्ये कोऑर्डिनेटर ऍरन क्रोमर यांनी नाव न देता पत्रकाराजवळ कटलरवर टीका केली होती. ते त्यांनी नंतर टीमसमोर कबूल केलं आणि माफी मागितली. ज्या माणसाचा आवाज दर रविवारी आपल्या कानात असतो, त्यानेच पाठीमागे बोलावं! कटलरने काय केलं? मला राग नाही म्हणाला, विषय संपवला. त्यानंतर लवकरच त्याला बसवून जिमी क्लॉसनला खेळवलं, तेही त्याने गाजावाजा न करता घेतलं. डेन्व्हरला रुसलेला मुलगा आणि हा माणूस यांच्यात साडेपाच वर्षं आहेत. स्वभावालाही वय असतं, आपण ते धरत नाही.

वेबला दिलेला धक्का मी झाकत नाही. तो चूकच होता. त्या रात्रीसाठी वैदेही आणि सातारी_तडका यांचं म्हणणं मला पटतं.

चौथा_डाउन

नाना, तुमच्यासाठी सॅन डिएगोचा क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्स याचं उदाहरण. जानेवारी २००८, एएफसी फायनल (सुपर बोलआधीची दुसऱ्या गटाची फायनल), गुडघ्याचं लिगामेंट पूर्ण फाटलेलं, सहा दिवसांपूर्वी छोटी शस्त्रक्रिया झालेली, आणि तो न्यू इंग्लंडमध्ये अख्खी मॅच खेळला. २०११ मध्ये कटलरला सगळे याच गोष्टीवरून टोचत होते. पण निकाल बघा: दोन इंटरसेप्शन, टचडाउन शून्य, २१-१२ हार. त्याच्या हिमतीला सलाम आहेच. पण लंगडत्या क्वार्टरबॅकला मैदानावर ठेवणं टीमच्या भल्याचं असतंच असं नाही. तो निर्णय कोच आणि डॉक्टरांचा, खेळाडूच्या पौरुषाचा नाही.

नाना_नेपरविल

हे मान्य. मी त्याला खेळायला हवं होतं असं म्हटलंच नाही, हॅनीच्या शेजारी उभं राहायला हवं होतं असं म्हणालो. आणि याला जोडून एक आठवण. २९ डिसेंबर २०१३, पुन्हा सोल्जर फील्ड, पुन्हा पॅकर्स. जिंकणारा प्लेऑफमध्ये. शेवटच्या मिनिटात त्यांची चौथी संधी, आठ यार्ड हवे. आपला जूलियस पेपर्स रॉजर्सवर झेपावला, आता धरतोच, आणि जॉन कून नावाच्या त्यांच्या गड्याने आडवी उडी टाकून पेपर्सच्या पायात अंग झोकून दिलं. रॉजर्स डावीकडे निसटला आणि त्यांच्या कॉबला ४८ यार्डांचा टचडाउन फेकला. ३३-२८. मी त्या रात्री जेवलो नाही.

सगळे रॉजर्सचा पास दाखवतात, मला कूनची उडी दिसते. तशी उडी क्वार्टरबॅकसाठी कोण मारतो आणि का मारतो, ते मला महत्त्वाचं वाटतं.

विस्कॉन्सिनची_वैदेही

नाना, कून म्हणजे आमचा लाडका! पण हेही सांगायला हवं की रॉजर्सवर सगळेच खूश होते असं नाही. ग्रेग जेनिंग्स आणि जर्माइकल फिन्ली, दोघेही त्याच्याकडून पास झेललेले, टीम सोडल्यावर त्याच्या नेतेपणावर उघड बोलले. आणि कून उडी मारतो ती त्याचं कामच ते आहे म्हणूनही.

अस्मि_क

उशिरा आले, सगळे प्रतिसाद वाचले. मूळ धागा केलेब विल्यम्सवरून सुरू झाला होता, तिकडे येते. २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी त्याला ६८ सॅक बसले. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये २३-२० ने मागे, फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारून तीन पॉइंट) मारून बरोबरी करता आली असती, एक टाइमआउट हातात होता. तो सॅक झाला तेव्हा अर्ध्या मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ होता. टाइमआउट कुणी घेतलाच नाही. सगळे धावपळ करत रांगेत आले, त्याने प्ले बदलली, पास वाया गेला, वेळ संपली. दुसऱ्या दिवशी कोच एबरफ्लुसना काढलं, सीझन चालू असताना मुख्य कोच काढायची बेअर्सच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

माझा प्रश्न सरळ आहे. तिथे दडपणाखाली कोण डगमगलं? टाइमआउट क्वार्टरबॅकही मागू शकतो. पण पहिल्या वर्षाच्या पोराकडून ती अपेक्षा करायची, की बाजूला उभ्या असलेल्या अनुभवी कोचकडून?

चौथा_डाउन

कोचकडून, शंभर टक्के. सॅकनंतर क्वार्टरबॅक जमिनीवर असतो, श्वास गेलेला असतो, घड्याळ कोचला दिसतं. पण टॉम ब्रेडी किंवा पेटन मॅनिंगसारखा मुरलेला क्वार्टरबॅक असता तर कोचकडे न बघता पंचाला हाताने खूण केली असती. ते वर्षांनी येतं, रडण्या-न रडण्याशी त्याचा काही संबंध नाही.

मिशिगनकाठ

अस्मि, मूळ प्रश्नावर आणल्याबद्दल आभार. इतकं सगळं वाचून मी माझी कसोटी थोडी वाढवतो. पुन्हा उभा राहतो का, हजर असतो का, आणि त्याच्या पुढच्या पाच जणांना चूक झाल्यावर त्याच्याकडे बघायची भीती वाटते का. पहिल्या दोन्हींत कटलर पास, तिसऱ्यात लॅम्बोची ती रात्र त्याच्या विरुद्ध जाते. चेहरा मात्र मी अजूनही यादीत घेत नाही. नियमित सीझनमध्ये बेअर्सकडून तो सुरुवातीपासून उतरला त्या मॅचपैकी ५१ जिंकल्या, ५१ हरल्या. तो आकडा त्या चिंधड्या उडालेल्या लाइनचा आणि सहा कोऑर्डिनेटरांचाही आहे.

नाना_नेपरविल

तिसरी अट घातलीस, बरं केलंस. चौथी माझी घाल: स्वतः बाहेर असताना आत गेलेल्या पोराला मदत करतो का. मग मी सही करतो.

मिशिगनकाठ

घातली, नाना. पण त्यावर कटलरचा निकाल देताना टीव्हीची फुटेज पुरावा म्हणून चालणार नाही!

सातारी_तडका

सीझन सुरू झाला की पहिली बेअर्सची मॅच भारतात किती वाजता लागते आणि कुठे दिसते ते कुणीतरी टाका. लाइनमधल्या पाच जणांकडे बघायचं ठरवलंय.

चौथा_डाउन

दुपारची मॅच म्हणजे तुमच्याकडे रविवारी रात्री साडेदहा, नोव्हेंबरमध्ये इथली घड्याळं बदलली की साडेअकरा. चेंडू हलायच्या आधी क्वार्टरबॅक हाताने कुणाकडे खुणा करतोय ते बघा आणि मग त्याच माणसावर नजर ठेवा. पहिल्या क्वार्टरमध्येच गोडी लागेल.